प्रोग्रॅम नाव विचारतो, पण थांबत नाही: सी मधलं इनपुट नेमकं कुठे अडकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी तुम्ही सी मध्ये एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो आधी रोल नंबर विचारतो, मग विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, मग तीन विषयांचे गुण. रोल नंबरसाठी आणि गुणांसाठी स्कॅनएफ हे इनपुट वाचणारं फंक्शन वापरलंय, नावासाठी पूर्ण ओळ वाचणारं एफगेट्स. रोल नंबर टाकून एंटर दाबलं की "नाव टाका" एवढं स्क्रीनवर उमटतं, पण नाव टाकायला न थांबता प्रोग्रॅम थेट गुणांवर जातो. शिवाय गुणांच्या जागी चुकून अक्षर पडलं, तर "चुकीचे गुण, पुन्हा टाका" ही ओळ स्क्रीनवर धावत सुटते आणि कंट्रोल सी दाबल्याशिवाय थांबत नाही. मित्राने उरलेलं इनपुट साफ करायला म्हणून एफफ्लश हे फंक्शन लावायला सांगितलं. ते कॉलेजच्या लॅबमधल्या टर्बो सीवर चाललं, घरच्या लिनक्सवर मात्र चाललं नाही.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढे अशा अडचणी तुम्हाला स्वतःच सोडवता येतील. म्हणून तयार कोड देण्याआधी आत काय घडतं ते सांगतो.

स्कॅनएफ कीबोर्ड वाचत नाही. शिकवताना आपण "स्कॅनएफने युजरकडून आकडा घ्यायचा" असं म्हणतो, आणि विद्यार्थ्याच्या मनात चित्र तयार होतं ते कीबोर्डवरून थेट व्हेरिएबलमध्ये जाणाऱ्या आकड्याचं. प्रत्यक्षात मध्ये दोन थांबे आहेत. तुम्ही १ दाबता, २ दाबता, तोवर तुमच्या प्रोग्रॅमला काहीच मिळालेलं नसतं. ही अक्षरं ऑपरेटिंग सिस्टिमच्या टर्मिनल ड्रायव्हरकडे साठत असतात. म्हणूनच मध्येच बॅकस्पेस मारून आकडा दुरुस्त केला तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही. एंटर दाबलं की अख्खी ओळ प्रोग्रॅमकडे येते आणि सी लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायच्या जागेत, जाऊन बसते. त्या ओळीत एंटरसुद्धा असतो, न्यूलाइन नावाचं एक अक्षर बनून. त्याचा कोड १०.

घरी लिनक्स आहे तर हे प्रत्यक्ष पाहता येईल. एस-ट्रेस (strace) नावाचं साधन इन्स्टॉल करा आणि आपला प्रोग्रॅम त्याच्यामार्फत चालवा. प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली प्रत्येक मागणी ते छापतं. रोल नंबर म्हणून १२ टाकून एंटर दाबलंत की रीड या कॉलची एक ओळ दिसेल आणि तिच्या शेवटी उत्तर असेल ३. तुमच्या लेखी तुम्ही दोन आकडे टाकले, प्रोग्रॅमच्या हाती तीन बाइट आले: ४९, ५० आणि १०. पहिले दोन म्हणजे १ आणि २ या अक्षरांचे कोड, तिसरा न्यूलाइन.

आता परसेंट डी वालं, म्हणजे पूर्णांक वाचायला सांगितलेलं, स्कॅनएफ या बफरवर येतं. त्याचा नियम साधा आहे. सुरुवातीची रिकामी जागा, मग ती स्पेस असो, टॅब असो की न्यूलाइन, ओलांडायची. चिन्ह असेल तर ते आणि आकडे असतील तेवढे उचलायचे. आणि आकडा नसलेलं पहिलं अक्षर दिसलं की ते आहे तिथेच ठेवून थांबायचं. म्हणजे १ आणि २ उचलले गेले, न्यूलाइन बफरमध्येच राहिली. पुढे एफगेट्स आलं. त्याचा नियम वेगळा: न्यूलाइन मिळेपर्यंत वाचायचं, न्यूलाइनसकट. त्याला पहिलंच अक्षर न्यूलाइन मिळालं, काम झालं, ते परतलं. तुम्हाला वाटतं एफगेट्स चाललंच नाही. ते चाललं, आणि त्याने एक रिकामी ओळ प्रामाणिकपणे वाचून दिली.

खात्री करून घ्या. एफगेट्सच्या लगेच खाली नावाची लांबी छापा आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराचा कोड परसेंट डीने छापा. लांबी १ येईल आणि कोड १०. इनपुटची कुठलीही अडचण असो, माझा पहिला उपाय हाच असतो. प्रोग्रॅमला काय मिळालं असेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते छापून पाहायचं, आणि तेही कोडसकट. स्पेस, टॅब आणि न्यूलाइन डोळ्यांना सारख्याच दिसतात. ३२, ९ आणि १० मात्र वेगळे दिसतात.

हाच प्रकार एकच अक्षर वाचणाऱ्या परसेंट सीमुळेही होतो. "पुढे चालू ठेवायचं का, वाय की एन" असं विचारणारे मेन्यू एक फेरी सोडून का चालतात, तर परसेंट सी रिकामी जागा ओलांडत नाही आणि मागे उरलेली न्यूलाइनच उत्तर म्हणून घेतं. तिथे अवतरणात परसेंट सीच्या आधी एक स्पेस दिली की काम होतं, कारण फॉरमॅटमधली ती स्पेस म्हणजे "समोरची सगळी रिकामी जागा ओलांड" अशी सूचना असते. छोट्या प्रोग्रॅममध्ये हा उपाय रास्त आहे. पण तोच विचार उलटा करून परसेंट डीच्या नंतर न्यूलाइन लिहू नका. तिचाही अर्थ "रिकामी जागा संपेपर्यंत वाचत राहा" असाच होतो, आणि रिकामी जागा संपली हे कळायला दुसरं काहीतरी टाइप व्हावं लागतं. मग प्रोग्रॅम एकच आकडा दोनदा मागतोय असं वाटायला लागतं.

आता धावत सुटणाऱ्या ओळीकडे येऊ. गुणांच्या जागी तुम्ही इंग्रजी ए टाकलात. परसेंट डीला आकडा हवा, समोर ए. एकही आकडा मिळाला नाही म्हणून ते ए ला हात न लावता परत गेलं, आणि गुणांच्या व्हेरिएबललाही त्याने हात लावला नाही. तुमच्या लूपने जुनीच किंमत तपासली, ती चुकीची ठरली, "पुन्हा टाका" छापलं आणि परत स्कॅनएफकडे वळला. समोर तोच ए. बफरमध्ये अक्षर शिल्लक असल्यामुळे कीबोर्डची वाट पाहायचं कारणच उरत नाही, म्हणून सेकंदाला हजारो फेऱ्या होतात. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत दिलेली नसेल तर त्यात मेमरीतला जुना कचरा असतो. कधी तो योगायोगाने ० ते १०० च्या मध्ये पडतो आणि प्रोग्रॅम ए ला वैध गुण समजून पुढे जातो. हा प्रकार जास्त वाईट, कारण तो दिसत नाही.

यावरचा इशारा स्कॅनएफ स्वतःच देत असतं, आपण तो घेत नाही. स्कॅनएफ एक संख्या परत देतं: किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या. एकच परसेंट डी असेल तर १ म्हणजे मिळालं, ० म्हणजे समोर आकडा नव्हता, आणि ईओएफ म्हणजे काही वाचण्याआधीच इनपुट संपलं. ईओएफची किंमत बहुतेक सगळीकडे उणे १ असते. ही संख्या न तपासता पुढची ओळ लिहू नका. कंपायलरलाही मदतीला घ्या: जीसीसी या कंपायलरला वॉल (-Wall) आणि डब्ल्यूएक्स्ट्रा (-Wextra) हे दोन पर्याय देऊन कंपाइल करा. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड (&) विसरलात तर तो तिथेच सांगेल, रन करून प्रोग्रॅम कोसळायची वाट पाहावी लागणार नाही.

पण १ परत आलं म्हणजे सगळं बरं, असंही नाही. एखाद्या विषयात ७२.५ गुण आहेत आणि ते तुम्ही परसेंट डीने वाचलेत. स्कॅनएफ ७२ घेतं आणि आनंदाने १ परत देतं. बफरमध्ये टिंब, ५ आणि न्यूलाइन उरतात. मग पुढच्या विषयाचे गुण वाचायला गेलेलं स्कॅनएफ टिंबावर अडखळतं. चूक पहिल्या विषयात झाली, बोंब दुसऱ्या विषयात होते, आणि विद्यार्थी तासभर दुसऱ्या विषयाचा कोड तपासत बसतो. १,५०,००० अशी रक्कम स्वल्पविरामासकट टाकली तरी हेच: व्हेरिएबलमध्ये फक्त १. म्हणून इनपुट बिघडलेलं दिसलं की आधी त्या ओळीच्या वरचं वाचन तपासायचं.

मित्राच्या उपायाबद्दल. एफफ्लशला एसटीडीइन, म्हणजे आत येणारं इनपुट, देणं हे सी भाषेच्या मानकात बसत नाही. एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे, आत येणाऱ्या मजकुरावर ते वापरलं तर काय व्हावं हे मानक सांगतच नाही. टर्बो सीच्या लायब्ररीने ते बफर रिकामं करून दिलं, म्हणून लॅबमध्ये चाललं. लिनक्सवर टर्मिनलच्या बाबतीत उरलेली अक्षरं तशीच राहतात. आपल्याकडच्या कित्येक लॅब मॅन्युअलमध्ये ही ओळ वर्षानुवर्षं छापली जातेय, क्लियर स्क्रीन आणि गेटसीएच यांच्या सोबतीने, आणि मुलं ती मंत्रासारखी पाठ करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका ओळीने बफर ही कल्पनाच झाकली जाते. एफफ्लशला एसटीडीआउट, म्हणजे बाहेर जाणारं आउटपुट, देणं मात्र पूर्ण योग्य आहे. काही आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, "नाव टाका" हे वाक्य नाव टाकून झाल्यावर उमटतं, तिथे प्रिंटएफच्या पाठोपाठ ते लावावं.

त्याच मॅन्युअलमध्ये ओळ वाचणारं गेट्स हे जुनं फंक्शन दिसलं तर तेही टाळा. आपल्या ॲरेत, म्हणजे मजकूर ठेवायला राखलेल्या मेमरीत, जागा किती आहे हे गेट्सला सांगायची सोयच नाही, त्यामुळे ओळ लांब असेल तर ते शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतं. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने शिरकावासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती: फिंगर सेवेच्या प्रोग्रॅममध्ये ५१२ बाइटच्या बफरवर गेट्स वापरलेलं होतं. २०११ च्या सी मानकातून गेट्स काढूनच टाकलं.

मग करायचं काय? एका प्रोग्रॅममध्ये स्कॅनएफ आणि एफगेट्स यांची सरमिसळ थांबवायची. प्रत्येक वेळी एफगेट्सने पूर्ण ओळ वाचायची आणि त्या ओळीतून हवं ते काढायचं. टर्मिनल ओळच देतं, तर आपणही ओळच घ्यावी. एक प्रश्न, एक ओळ, मागे काही शिल्लक नाही.

यासाठी दोन छोटी फंक्शन लिहा. पहिलं ओळ वाचणारं. त्यात एफगेट्स वापरा आणि ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतंय का पाहा. नल आलं तर इनपुट संपलंय, तिथून बाहेर पडा. मग ओळीच्या शेवटी न्यूलाइन आहे का ते बघा. असेल तर तिच्या जागी कोड शून्य असलेलं अक्षर ठेवा, म्हणजे नाव छापताना खाली एक ओळ फुकट जाणार नाही. नसेल तर ओळ ॲरेपेक्षा लांब होती आणि तिचं शेपूट अजून बफरमध्ये आहे. न्यूलाइन किंवा ईओएफ येईपर्यंत एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारने ते उचलून टाका. गेटचारचं उत्तर ठेवायला व्हेरिएबल इंट (पूर्णांक) प्रकाराचं घ्या, चार (char, अक्षर) प्रकाराचं नको. रास्पबेरी पायसारख्या एआरएम मशीनवर लिनक्समध्ये चार हा प्रकार बिनचिन्ह असतो, त्यात उणे १ मावत नाही, आणि ईओएफची तुलना कधीच खरी ठरत नाही. तुमच्या लॅपटॉपवर चाललेला लूप तिथे अखंड फिरत बसतो.

दुसरं फंक्शन पूर्णांक वाचणारं. ते पहिल्या फंक्शनकडून ओळ घेतं आणि स्ट्रटोलला देतं. स्ट्रटोल आकडा तर देतंच, शिवाय आपण दिलेल्या पॉइंटरमध्ये तो आकडा कुठे संपला तेही सांगतं. हे दुसरं उत्तर इथे मोलाचं आहे. शेवटचा पॉइंटर ओळीच्या सुरुवातीलाच असेल तर एकही आकडा नव्हता. तो मध्येच कुठेतरी असेल आणि पुढे स्पेसशिवाय आणखी काही असेल, तर ७२.५ किंवा १२ए सारखं काहीतरी आलंय. दोन्ही वेळा पुन्हा विचारा. त्यानंतर ० ते १०० ची मर्यादा तपासा. अर्धे गुण चालत असतील तर स्ट्रटोलऐवजी स्ट्रटोडी घ्या, बाकी रचना तीच. चुकीची ओळ आधीच पूर्ण वाचून झालेली असल्यामुळे "पुन्हा टाका" हे वाक्य आता एकदाच येईल आणि प्रोग्रॅम खरोखर वाट पाहील.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये पुढे मोबाइल नंबर घ्यायचा आहे असंही तुम्ही लिहिलंय. तो इंटमध्ये घेऊ नका. ३२ बिटांच्या इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे, आणि आपले दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच तिच्या वर. नंबरची बेरीज-वजाबाकी करायची नसते, तेव्हा तो मजकूर म्हणून ठेवा आणि दहाही अक्षरं आकडे आहेत का ते तपासा. रोल नंबर ०८ असा लिहायची पद्धत असेल तर पूर्णांक वाचणाऱ्या परसेंट आयपासून लांब राहा. सुरुवातीला शून्य दिसलं की ते संख्या अष्टमान पद्धतीची समजतं, अष्टमानात ८ हा आकडाच नाही, त्यामुळे रोल नंबर ० होतो आणि ८ मागे उरतो.

नावाबद्दल थोडं जास्त सांगतो. मजकूर वाचणारं परसेंट एस पहिल्या स्पेसला थांबतं. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. परसेंट एसने पहिलंच घेतलं जातं, उरलेली दोन गुणांच्या वाचनात जाऊन पडतात. तुम्ही नावासाठी एफगेट्स निवडलंत ते योग्यच. पण कोणी मराठी कीबोर्डवरून नाव टाकलं तर? लिनक्सवर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचीही प्रत्येकी तीन. "सुनील" ची चिन्हं पाच, बाइट पंधरा. "सुनील रामचंद्र कुलकर्णी" हे नाव दोन स्पेस धरून ६५ बाइटचं होतं. तुमचा ॲरे ५० चा आहे. एफगेट्स त्यात ४९ बाइट भरेल, आणि मोजून पाहिलंत तर तो कट कुलकर्णीमधल्या ल च्या पोटात पडतो: तीनपैकी दोन बाइट नावात, तिसरी बफरमध्ये. नावाच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं आणि उरलेला तुकडा गुणांच्या वाचनात घुसतो. नावाचा ॲरे निदान २०० चा करा. कीबोर्ड मराठीवर राहिला असताना गुण टाकले तर तेही अडतात. मराठी ७ ची पहिली बाइट २२४ आहे, आणि सी च्या स्कॅनएफ आणि स्ट्रटोलच्या लेखी तो आकडा नाही.

तपासणी हाताने पुन्हा पुन्हा टाइप करून करू नका, कंटाळा येतो आणि चुकीच्या इनपुटकडे दुर्लक्ष होतं. एका साध्या फाइलमध्ये उत्तरं ओळीने लिहा आणि लहान-चिन्ह (<) वापरून ती फाइल प्रोग्रॅमला इनपुट म्हणून द्या. एक फाइल बरोबर उत्तरांची, एक रिकाम्या ओळींची, एक अक्षरांची, एक ७२.५ ची, एक खूप लांब नावाची. आणि एक अशी, जी मध्येच संपते. ही शेवटची नक्की करा: फक्त ० तपासून ईओएफ विसरलेला प्रोग्रॅम याच फाइलवर अखंड फिरायला लागतो. फाइल विंडोजवर बनवली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी १० च्या आधी १३ कोडचं आणखी एक अक्षर असतं. लिनक्सवर ते नावाला चिकटून राहतं, दोन नावं दिसायला तंतोतंत सारखी असूनही मजकुरांची तुलना करणारं स्ट्रकंप त्यांना वेगळी ठरवतं. ओळ वाचणाऱ्या फंक्शनमध्येच तेही काढून टाका.

पुढच्या सेमिस्टरला जावा किंवा सी प्लस प्लस येईल तेव्हा हीच अडचण नाव बदलून भेटेल. जावाच्या स्कॅनरमध्ये नेक्स्टइंटच्या पाठोपाठ नेक्स्टलाइन लिहिलं की रिकामी ओळ मिळते, आणि नेक्स्टइंटला अक्षर दिसलं की ते एक्सेप्शन टाकतं पण अक्षर तिथेच ठेवतं, त्यामुळे कॅच करून लूप फिरवला तर तोच अखंड फेरा. सी प्लस प्लसमध्ये सीइन नापास अवस्थेत जातं. क्लियरने ती अवस्था काढावी लागते आणि इग्नोरने उरलेली ओळ फेकावी लागते, दोन्ही, याच क्रमाने. पायथनचं इनपुट फंक्शन पहिल्यापासून पूर्ण ओळच देतं, म्हणून तिथे मागे काही उरत नाही. मात्र ते नेहमी मजकूरच देतं. इंटमध्ये बदलायला विसरलात तर ५ आणि ६ ची बेरीज ५६ येते. पायथनचा इंट देवनागरी ७२ सुद्धा समजून घेतो, ७२.५ ला मात्र व्हॅल्यूएरर देतो.